तांदळाच्या डब्यातल्या तीन बाटल्या

शिवाजी पेठेत शालूच्या हातचा फॉल न लागलेली साडी सापडणं अवघड. माहेर आजऱ्याकडचं, शिक्षण दहावीपर्यंत, बोलणं बेताचं. सकाळी अंघोळ झाली की देवाला हळद-फूल, देव्हाऱ्यातल्या खंडोबाचा चिमूटभर भंडारा लेकीच्या कपाळाला, आणि मग दिवसभर शिलाई मशीन. नवरा सयाजी पुढच्या खोलीत सायकली दुरुस्त करायचा. लेक निशिगंधा दहा वर्षांची, अभ्यासात बरी. असं सरळ घर.

पण गेलं वर्षभर भंडारा लावला की शालू बोट लेकीच्या कपाळावर दाबून धरायची. लेक नुसती शिंकली तरी ही काम टाकून तिचं अंग तापलंय का बघायची. शाळा सुटून दहा मिनिटं झाली नि पोरगी दिसली नाही, की सुई कापडात तशीच टोचून ठेवून ही कोपऱ्यावर जाऊन उभी.

तसं लेकीला काही झालं नव्हतं. पण होणार, असं शालूच्या मनानं घेतलं होतं. कारण तिनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ वाहिली होती.

ही गोष्ट सन पंच्याण्णवची. तेव्हा सयाजीचं नाव सायकलच्या शर्यतींत गाजत होतं. कोल्हापूर ते बेळगाव शर्यत त्यानं लागोपाठ दोनदा मारली. तिसऱ्यांदा मारली आणि सांगलीकडच्या लोकांनी बोंब उठवली, की हा ताकद यायच्या सुया टोचून घेतो. त्या वेळी असल्या शर्यतीत तपासणी कुठली! तालमीचे म्हातारे केरबा चार माणसं घेऊन दारात आले.

सयाजी म्हणाला, "मी उचलतो की बेलभंडारा."

"तू गप," केरबा म्हणाले. "शर्यतवाल्याच्या शपथेला काय अर्थ? घरात काय येतंय, काय जातंय, ते बाईला ठावं असतंय. सूनबाई, तू उचल. लेकीच्या डोक्यावर हात ठेव आन् सांग."

निशिगंधा सात महिन्यांची, कडेवर. शालूनं ताटलीतलं बेलाचं पान आणि भंडारा उचलला, दुसरा हात टाळूवर ठेवला आणि म्हणाली, "माझ्या मालकांनी असलं काय बी घेतल्यालं न्हाई."

"झालं! आता कुणाची टाप हाय बोलायची!" म्हणत केरबा गेले. सयाजी बाजूला चेन पुसत होता. त्यानं मान वर केली नाही.

पुढं पाच-सहा वर्षं तो जिंकत राहिला. मग एकदा पन्हाळ्याच्या चढावर छातीला हात लावून रस्त्यातच बसला. डॉक्टर म्हणाले, काळीज फुगलंय, सायकल बंद. दुरुस्तीचं दुकान आलं ते तेव्हा. आणि मागच्या वर्षी एका शाळेत बक्षिसं वाटायला बोलावलं, तर हा माणूस माइकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "पोरांनो, माझी बक्षिसं खरी न्हाईत. मी टोचून घेत हुतो. तुमी घेऊ नका."

पेठेत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. "करून करून भागला आणि देवपूजेला लागला," असं लोक तोंडावर म्हणायचे. कुणी म्हणालं, "आता पाय चालंनात, म्हणून तोंड चालतंय." केरबांनी तर दुकानापुढनं जायचंच सोडलं.

सयाजी घरी शालूला म्हणाला, "तुला उचलू द्यायला नको हुतं. त्यो दोष माझा."

तिनं मशीनचं चाक फिरवलं. माफ केलं, असंही नाही. कारण एक गोष्ट तिनं नवऱ्याला कधी सांगितली नव्हती. देवाला सांगायची गरज नव्हती. त्याला ठाऊक होतं, आणि भीती तीच होती. नवरा चारचौघांत बोलला, त्या दिवसापासनं भंडारा लावताना तिला रोज ती शपथ आठवायला लागली.

या श्रावणात एका दुपारी सयाजी टायर आणायला बाहेर गेला होता. दारात एक बाई आली. डोक्यावर पदर, गळ्यात इष्टलिंग ठेवायची चांदीची करंडी. हातकणंगल्याची बसम्मा. दुधाचा धंदा. तिची लेक दानेश्वरी, अठरा वर्षांची, शर्यतीत सायकल चालवायची. चार वर्षं तिची सायकल सयाजीच दुरुस्त करत होता. शालूनं पाण्याचा तांब्या दिला. बसम्मानं तो तसाच धरून ठेवला.

"अक्का, मी आडाणी बाई. दानीला नवीन सर मिळाल्यात. त्यांनी ताकदीची इंजेक्शनं दिल्यात. रविवारी राज्याच्या संघाची निवड हाय. निवड झाली तर रेल्वेत नोकरी. तुमचे मालक म्हणत्यात, टोचू नको. सर म्हणत्यात, त्यो जळतोय. आता टोच म्हणणारा शिकल्याला, गाडीतनं येतोय. आन् टोचू नको म्हणणारा सोता टोचून बसलाय. मी कुणाचं ऐकू?"

"त्यांनाच इचारायचं की."

"इचारलं. तर म्हणत्यात, माझ्यावर इस्वास ठेवू नका, बाटली डॉक्टरला दाखवा. असं कुणी म्हणतंय व्हय? खरा माणूस म्हणतोय, इस्वास ठेवा!"

"मग दाखवली?"

"सरांनी बंदी घातलीया. बाहेर कळलं तर पोरीचं नाव कापतील म्हणं." बसम्मानं तांब्या खाली ठेवला. "तुमी मागं भंडारा उचललेला, असं आयकलंय. आज परत उचला. ह्या बारीला तुमचे मालक खरं बोलत्यात, एवढं म्हणा. मी पोरीला सांगते, संपलं."

शालूनं मागं वळून बघितलं. देव्हाऱ्यात भंडाऱ्याची डबी होती. शेजारी लेकीचं दप्तर पडलं होतं. श्रावणी सोमवारची अर्धी शाळा सुटून ती आली होती आणि आत जेवत होती. खोटा ठरला नवरा परत, तर? एकदा वाहिलेल्या शपथेचं अजून फिटलं नाही, त्यावर दुसरी? पण नाही म्हटलं, तर ही बाई उठून जाईल, आणि रविवारच्या आत त्या पोरीच्या अंगात सुई जाईल.

"बाटली हाय का जवळ?" तिनं विचारलं.

बसम्मानं कमरेच्या पिशवीतनं रुमाल काढला. आत करंगळीएवढी काचेची बाटली. त्यावरचं नाव ब्लेडनं खरवडून काढलेलं. एका बाजूला कागदाची बारीक पांढरी रेघ तेवढी चिकटून राहिली होती.

शालूनं ती हातात घेतली आणि खरवडलेल्या जागेवरनं परत परत नख फिरवत राहिली.

"काय झालं वो अक्का?"

आतनं निशिगंधानं विचारलं, "आई, ताक हाय का?" शालूनं आतलं दार ओढून घेतलं.

"बसम्मा," ती म्हणाली, "मी भंडारा उचलत न्हाई. मालक खरं बोलत्यात का खोटं, ते मी कशी सांगू? माझ्याशी बी खोटंच बोललेत ते. मी बघितलंय तेवढं सांगते."

आणि तिनं सांगितलं. शपथेच्या वर्षी माहेरनं वासाचा घनसाळ तांदूळ आला होता. केरबा दारात यायच्या आठ दिवस आधी ती डब्यातनं तांदूळ काढायला गेली, तर हाताला फडकं लागलं. फडक्यात तीन बाटल्या. नावं अशीच ब्लेडनं खरवडलेली. तिनं त्या उलटसुलट करून बघितल्या, परत गुंडाळल्या आणि तांदळात खोल खुपसून ठेवल्या. विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

"म्हंजे तुमाला ठावं हुतं?" बसम्माचा आवाज चढला. "ठावं असून लेकीच्या डोक्यावर हात ठेवला?"

"व्हय."

"अय्यो शिवा!" बसम्मानं करंडी मुठीत धरली. "आन् मी तुमच्या शब्दासाठी यष्टीनं आले! दोघं बी सारकेच की तुमी. मग आता तरी तुमचं खरं कशावरनं?"

शालूनं बाटली परत बसम्माच्या हातावर ठेवली. "माझं सोडा. चांगल्या औषधाचं नाव कुणी खरवडतंय का, एवढंच बघा."

बसम्मानं ती पांढरी रेघ अंगठ्यानं पुसून बघितली. मग उठली. चप्पल घालताना पाठमोरीच म्हणाली, "उद्या पोरीला लावून देते. मला सांगितलं, तसंच तिला सांगा. गाळू नका काय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दानेश्वरी आली. उंच, सावळी, पायाची शीर न् शीर दिसणारी. सायकल भिंतीला टेकवून ती आत येऊन बसली. सयाजी दुकानातनं उठून दाराशी येऊन उभा राहिला. निशिगंधा पाटावर बसून शाळेच्या बुटाची नाडी बांधत होती.

शालूनं लेकीकडं बघितलं. तिला सहज बाहेर पाठवता आलं असतं. शेजारनं विरजण आण म्हटलं असतं, की काम झालं. जीभ तिथपर्यंत आलीही. पण जिच्या डोक्यावर हात ठेवला, तिच्यामागं हे बोलायचं, तर ती आणखी एक लपवालपवीच झाली असती.

"बस हितंच," ती लेकीला म्हणाली, आणि सुरुवातीपासनं सगळं सांगितलं. तांदूळ, फडकं, बाटल्या, भंडारा. बाटल्यांचं ऐकून सयाजी चौकटीला टेकला. दहा वर्षं आपण हिला फसवलं, असं तो समजत होता. त्याच्या तोंडातनं एवढंच आलं, "तू बघितल्या हुत्यास?"

निशिगंधाच्या हातातली नाडी तशीच राहिली. ती आईकडं बघत होती. त्या बघण्यालाही शालू वर्षभर भ्यायली होती. आता ते समोर होतं, आणि पोरगी तर धडधाकट बसली होती.

दानेश्वरीनं खाली बघत विचारलं, "काकू, किती हुत्या म्हणालात?"

"तीन."

तिनं पिशवीत हात घातला आणि एकेक करून बाटल्या फरशीवर ठेवल्या. प्रत्येकीवर ती खरवडलेली खूण. "ह्या चार."

"आईला म्हाईत हायत?" सयाजीनं विचारलं.

"आईला चारच म्हाईत हायत." पोरीचा आवाज चिरका झाला. "पाच हुत्या. परवा एक घेतली. तवापासनं छातीत कसंतरी हुतंय, काका. घरी सांगितलं न्हाई."

सयाजीनं हातातला पाना टाकला आणि दानेश्वरीच्या मनगटाची नाडी धरली. मोजता मोजता त्याचा चेहरा उतरला. "चल, ऊठ. सायकल राहू दे, रिक्षानं जाऊ. डॉक्टर काय इचारतील ते सगळं सांगायचं. बाटल्या बी घे."

शालूनं बाटल्या गोळा करून रुमालात बांधल्या. देव्हाऱ्यासमोर क्षणभर थांबली. डबीत बोट बुडवून तिनं निशिगंधाच्या कपाळाला भंडारा लावला आणि तोच हात दानेश्वरीच्या कपाळाला लावला. दोघींच्याही कपाळावर तिनं बोट दाबून धरलं.

"आई, मी बी येऊ?" निशिगंधानं विचारलं.

"चल," शालू म्हणाली, आणि पायात चप्पल सरकवली.