एकादशीचा बेत

बाबांनी एकाच छत्रीला तीनदा नवं कापड चढवून घेतलं. टूथपेस्टची नळी संपली की ती कात्रीने उभी कापायचे आणि आणखी चार दिवस काढायचे. मला कॉलेजला नवी बॅग मागायची सोय नव्हती. पण खाण्याची गोष्ट निघाली की हा चिकट माणूस एकदम नवाब व्हायचा.

ते वाशीमला एका ऑफिसात कारकून होते, जऊळक्याहून रोज रेल्वेने जायचे. पगाराच्या दिवशी बाजारातल्या एका जुन्या किराणा दुकानात शिरायचे. तूरडाळ दाताखाली फोडून बघणार, वेलदोडा नखाने सोलून हुंगणार, तूप तळहातावर चोळणार. दुकानदार वैतागायचा, आणि शेवटी आतल्या पोत्यातला चांगला माल काढून द्यायचा. घरी आले की पिशवी आईच्या नाकाशी धरायचे. "पाय, कसा वास सुटून राह्यला!"

त्यांना एकच हौस उरली होती. वीस वर्षं शेजारच्या टेबलांवर बसणाऱ्या तिघांनी एकदा तरी आपल्या घरी जेवावं. नवं घर झालं तेव्हा ते तिघे जेवायला आले होते. ताटं वाढून झाल्यावर म्हणाले, "भाऊ, आज उपास हाये." तिघांनाही, एकाच दिवशी. आम्ही बौद्ध, घरात उपासतापास कोणी करत नाही, त्यामुळे कोणत्या वारी कोणाचा काय असतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. बाबांनी ते खरं मानलं. वर स्वतःलाच बोल लावला, की विचारून दिवस धरायला पाहिजे होता.

रिटायर झाल्यावर त्या तिघांना बोलवायला त्यांनी मुद्दाम एकादशीचा दिवस धरला. दुकानात जाऊन भगर, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, मोत्यासारखा साबुदाणा, शेलूबाजारचे शेंगदाणे असं सगळं निवडून आणलं. आमच्या घरात हे पदार्थ कधी शिजले नव्हते. उपासाला काय चालतं, काय नाही, हे बाबा दुकानदाराला विचारून कागदावर लिहून आणत होते आणि आई ते वाचून रांधत होती.

"तुमाले खरंच वाटते काय, त्या दिवशी तिघाईलेही उपास होता?" आईने एकदाच विचारलं.

"तू उगाच शंका काढतं. आता तं सारं उपासाचंच हाये, कसे नाई म्हनतीन?"

ते आले. हसले, गप्पा मारल्या, घराची तारीफ केली. आईने साबुदाण्याची उसळ, भगर, शेंगदाण्याची आमटी, शिंगाड्याचा शिरा असं वाढून आणलं. तुपाच्या वासाने खोली भरली होती. तिघांपैकी जे वयाने मोठे होते त्यांनी ताट हळूच पुढे सारलं.

"एवढी तकलीफ काहून घेतली, भाऊ? आमी घरून फराळ करूनच निंगालो. केळं घेतो एकेक."

कोपऱ्यात केळ्यांची फणी होती. मीच आणून ठेवली होती, दिसायला बरी म्हणून. त्यांनी एकेक केळं सोललं, खाल्लं, सालं ताटाच्या कडेला ठेवली. केळ्याला साल असते, आत कोणाचा हात लागलेला नसतो. बाबा त्यांना आणखी एकेक घ्या म्हणून आग्रह करत होते. मला वाटलं, ती फणी उचलून रस्त्यावर फेकावी. मी काही केलं नाही. बाबांबरोबर मीसुद्धा त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले, याची मला अजून लाज वाटते.

बाबा परत आले आणि त्यातल्याच एका ताटावर बसले. उसळीचा घास घेतला, बराच वेळ चावत राहिले.

"मीठ कमी झालं काय व?" त्यांनी आईला विचारलं.

त्या तिघांचा आला नव्हता एवढा राग मला त्या क्षणी बाबांचा आला. आईने पदराने हात पुसले आणि त्यांच्यासमोर बसून तीच उसळ खाल्ली.

"हो," ती म्हणाली. "माह्याच हातून कमी पडलं."

मीठ अगदी बरोबर होतं.