उपाशी कालवड अन् माझं धोतर

हसाल तर खुशाल हसा, पण माझी जी फजिती झाली ना, तशी दुश्मनाचीही न होवो बाप्पा!

आमचं गाव हिंगण्याच्या पलीकडं. तेव्हा आमच्याकडं जर्शी गाई नवीनच येऊन राहिल्या होत्या. मीही एक आणली. तिले कालवड झाली, अन् घरात महाभारत सुरू! माझी बायको वत्सला गाई पाळाच्या शिबिरात शिकून आली होती. गाय व्याल्यावर तिची जार पडेपर्यंत वासराले पाजाचं नाही, ही आमची रीत, पण हिनं पिलाले लगेच चीक पाजला. मग त्याले गाईपासून वेगळं बांधलं अन् बोटं चोखवून चोखवून बादलीतून दूध प्याले शिकवलं. बादलीची कडी वाजली की कालवड उधळलीच समजा!

बाबा भडकले. "आईपासून तोडलेलं लेकरू वाढते काय? काहून जीव घेता त्याचा?"

"तुम्ही पाहा तर खरं, मामाजी," वत्सला म्हणे.

"पाहतो ना! नागपूरच्या जनावरांच्या प्रदर्शनीत ह्या कालवडीचा नंबर नाही आला, तर गाय इकून टाकीन!"

वत्सलाचं तोंडच उतरलं. त्या गाईत जीव होता तिचा.

प्रदर्शनीच्या सकाळी वत्सला दूध घेऊन आली. मीच अडवलं. पोळ्याची झूल चढवली होती ना कालवडीवर! म्हटलं, पोट भरलं तर नंबर देणाऱ्या साहेबासमोरच शेण टाकन, झूल खराब!

"अहो, भुकेजली हाय ते!"

"तुले काय समजते वं? मी हाओ ना!"

झालं! मैदानात नंबर देणारे जनावरांचे डॉक्टरसाहेब आमच्याकडं येऊन राहिले, मी मनगटाले दोराचे वेढे देऊन मिशीवर ताव देऊन राहिलो, अन् तितक्यात कोपऱ्यातल्या चहावाल्यानं दुधाची बादली खाली ठेवली. खण्ण!

काय सांगू! कालवड सुटली, अन् मागं मी फरफटत. खुर्च्या पडल्या, मांडवाच्या खुंटीले धोतर अटकलं. धोतर तिथंच राहिलं, मी पुढं!

"अबे, दोर सोड ना!" लोकं ओरडून राहिले.

सोडू कसा? मनगटाले वेढे!

कालवडीनं बादलीत तोंड घातलं. चहावाला बोंबलून राहिला, वत्सला रडून राहिली, अन् मी पट्ट्याच्या चड्डीवर चिखलात. गेली म्हटलं गाय!

डॉक्टर धावत आले. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. झूल काढली, कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला. "एवढीशी कालवड एवढा मोठा माणूस ओढते? वा! काय ताकद आहे!"

अन् भोंग्यावर पुकारा झाला. पहिला नंबर आमचा! वत्सलानं कालवडीच्या गळ्यात मिठीच मारली. चहावालाही टाळ्या वाजवाले लागला.

"काका, कालवड मस्त वाढवली!" डॉक्टर गर्दीतून पुढं आलेल्या बाबाले म्हणाले.

बाबाची छाती अशी फुगली! "कालवड सुनेनं वाढवली, साहेब. गाय आता कुठं जात नाही." मग चिखलातल्या माझ्याकडं बोट दाखवून म्हणे, "मी ह्याले वाढवलं. आईपाशी मोकळं सोडून!"