कोलशेतची बिनपगारी बाई

दिवाळीच्या सुट्टीत माणसं माहेरी जातात, नाहीतर गणपतीपुळ्याला. मी ठाण्याला जाते म्हटल्यावर गारगोटीच्या आमच्या शाळेत सगळ्यांना वाटलं, कुणाचं तरी ऑपरेशन आहे. दोघींनी हळूच विचारूनही घेतलं.

ऑपरेशन नव्हतं. कोलशेतला खाडीकाठच्या कोळी वस्तीत एक लहानशी संस्था मुलांसाठी इंग्रजीचा वर्ग चालवते. शिकवायला परदेशातून स्वयंसेवक येतात, काही आठवडे राहतात आणि जातात. त्यांच्यासोबत दुभाषी म्हणून असणारी मुलगी बाळंतपणाला गेली, आणि संस्थेत काम करणाऱ्या माझ्या भाच्याला मावशी आठवली. इतकी वर्षं मी पोरांना इंग्रजी शिकवलं, पण परदेशी माणसाशी पाच मिनिटांपेक्षा जास्त इंग्रजी बोलायची वेळ कधी आली नव्हती. ती आली तर आपलं काय होतं ते पाहावं, म्हणून कोल्हापूरहून सकाळची एसटी धरली.

ठाण्यात शिरताना डोंगर दिसतो आणि डोंगरापुढे त्याच्याहून उंच इमारती. माजिवड्याच्या पुलाखाली उतरले तेव्हा सुनंदाताई कांबळे मला न्यायला आल्या होत्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या, वर्तकनगरच्या जुन्या वसाहतीत दोन खोल्यांत राहणाऱ्या. संस्थेच्या पाहुण्या त्यांच्याकडेच उतरतात. रिक्षात बसताच त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या: पाणी सकाळी येतं, आणि घरात बुद्धवंदना होईपर्यंत टीव्ही लागत नाही. मला शिस्तीची माणसं आवडतात. माझं तिथेच जमलं.

दारात एक बुटकीशी, काळ्या सरळ केसांची बाई लसूण सोलत बसली होती. मी तिला शेजारीण समजून नमस्कार केला. तीच आयव्ही. फिलिपिन्सची. परदेशी टीचर म्हणजे गोरी, उंच, सनहॅट घातलेली, हे चित्र माझ्याही डोक्यात होतं, ते तिने लसणाच्या सालींसकट बाजूला सारलं.

रात्रीच्या जेवणाला भाकरी, सुकटीची चटणी आणि आमटी होती. (सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. आपल्याकडे बाजारच्या दिवशी मिळते ती हिच्यापुढे भुसा.) जेवताना आयव्हीने आपला पेच मोकळेपणी सांगितला. बँकॉकच्या एका शाळेत ती बरीच वर्षं पगारावर शिकवत होती. करार संपला. दुसरी नोकरी धरण्याआधी एकदा तरी पैशासाठी नाही, गरज आहे तिथे शिकवावं, म्हणून साठवलेल्या पैशांवर इथे आली होती. आता व्हिएतनाममधल्या एका शाळेचं बोलावणं आलं होतं. पगार चांगला, आणि उत्तर येत्या रविवारपर्यंत द्यायचं. इकडे संस्था म्हणत होती, वर्षभर राहा; राहणं-जेवण आमचं. गावी आई होती, वादळात गेलेलं घराचं छप्पर होतं, कॉलेजात जाणारा भाऊ होता.

"आणि मन?" सुनंदाताईंनी विचारलं. मी भाषांतर केलं.

"मन कोलशेतला," आयव्ही म्हणाली.

मी तिला तेव्हाच सांगितलं असतं की पगार घे आणि गप जा. पण दुभाष्याने मत द्यायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी कोलशेत. मोठ्या गृहसंकुलांच्या कमानी संपतात, रस्ता एकदम अरुंद होतो, आणि वास बदलतो. एका बाजूला कारखान्याची भिंत, दुसऱ्या बाजूला कोळ्यांची घरं, दारात वाळत टाकलेली जाळी, आणि शेवटी खाडी. ओहोटी होती. चिखल उन्हात चकाकत होता आणि त्यात दोन होड्या कलंडून पडल्या होत्या.

वर्ग गावच्या देवळाशेजारच्या हॉलमध्ये भरायचा. वीसेक मुलं. आयव्हीने रंग घेतले, आठवड्याचे वार घेतले, 'माझं नाव', 'माझं घर'. मी खरं सांगते, एवढी हुशार पोरं मी पाहिली नव्हती. एकदा सांगितलं की झालं. थोडं अडखळायची, एकमेकांकडे बघायची, आणि बरोबर उत्तर द्यायची. आयव्हीचा चेहरा असा फुललेला असायचा की मलाच हेवा वाटला. आमच्या आठवीला वार पाठ करून घेताना माझा घसा बसतो.

वर्ग सुटला की बायका तिला घरी बोलवायच्या. कुणाकडे चिंबोरीचा (खेकड्याचा) रस्सा, कुणाकडे तळलेली बोय, खाडीतली मासळी. मटणाच्या गावातून आलेली मी. मासा साफ करायची माझी पद्धत बघून हिरूबाईंनी सुरी माझ्या हातातून काढून घेतली. हिरूबाई बाळकुमच्या नाक्यावर मासळी विकतात, आणि वस्तीत त्यांचा शब्द चालतो. सुरी त्यांनी आयव्हीला दिली. आयव्हीचे वडील मासेमारच होते. तिने बोय अशी झटपट साफ केली की हिरूबाई म्हणाल्या, "ही कसली गो परदेशी, ही आपलीच. त्या बायचा मात्र पासपोर्ट तपासा." ती बाय म्हणजे मी.

मधल्या एका दिवशी तिसराच मार्ग निघाला. कल्याण आणि डोंबिवलीत शाखा असलेल्या एका खाजगी शाळेला इंग्रजीसाठी परदेशी शिक्षिका हवी होती. तिथे पगारावर शिकवायचं आणि रविवारी कोलशेतला, असं झालं तर दोन्ही साधणार होतं. आयव्ही रात्रभर त्याच आनंदात होती. आम्ही कल्याणच्या बसमध्ये बसलो, दुर्गाडीचा पूल ओलांडला, रिक्षा करून शाळेत पोचलो, तर शिपाई म्हणाला, मुलाखत आमच्या डोंबिवलीच्या शाखेत आहे, हे कल्याण. निरोपात शाखा लिहिली होती आणि ती मी वाचलीही होती. मग पुन्हा रिक्षा, पत्रीपुलाची कोंडी, आणि घामाघूम होऊन आम्ही डोंबिवलीत.

मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. उशिराबद्दल काही बोलले नाहीत, चहा आणि बटाटेवडे मागवले. त्यांची दिवाळीची सुट्टी आमच्याआधीच संपली होती, म्हणून आयव्हीने पाचवीच्या वर्गावर पाठ घेतला. मागच्या बाकावरून पाहताना मला काही नव्या गोष्टी शिकायला मिळाल्या, आणि त्या मी आता आमच्या शाळेत वापरते. पाठ संपल्यावर मुख्याध्यापक मला बाजूला घेऊन पुण्याच्या शुद्ध मराठीत म्हणाले, "बाई, शिकवणं उत्तमच आहे. पण व्यवस्थापनाची अपेक्षा युरोपीय शिक्षिकेची होती. पालकांना दिसली पाहिजे ना, परदेशी आहे म्हणून. आपण समजून घ्याल."

मी समजून घेतलं नाही, पण भाषांतर केलं, जसंच्या तसं. आयव्ही हसली. बँकॉकलाही पहिल्या दोन शाळांनी तिला हेच सांगितलं होतं. वडे मात्र फार छान होते, हेही तिने मुख्याध्यापकांना सांगायला लावलं.

परतताना ठाणं आल्यावर ती म्हणाली, "मग मी कोलशेतलाच राहते. एक वर्ष. आईला मी समजावीन."

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला थोडी आधी पोचले. हॉलच्या मागे तीन-चार मुली शाळा-शाळा खेळत होत्या. स्वरा नावाची चौथीतली मुलगी टीचर झाली होती. ती काय बोलते ते ऐकून मी भिंतीआड थांबले. ती रंग, वार, नाव, घर हे सगळं धडाधड म्हणत होती, आणि दर वेळी वेगळ्या आवाजात. एकदा ओठांचा चंबू करून, एकदा 'र' खडखडवत, एकदा नाकातून. बाकीच्या मुली ओळखत होत्या: ही उंच टीचर, ही चष्म्याची, हा गिटारवाला दादा. मग स्वराने पूर्ण भूतकाळातली एक गोष्टच इंग्रजीत सांगितली. आयव्ही अजून 'माझं घर'च्या पुढे गेलेली नव्हती.

मी पुढे झाले आणि विचारलं, "तुम्हाला हे सगळं आधीपासून येतं?"

"हो," स्वरा म्हणाली. "प्रत्येक टीचर पहिल्यापासून शिकवते."

"मग वर्गात सांगत का नाही?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी घरी आलेल्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. "आयव्ही टीचरला वाईट वाटेल ना. आई म्हणते, पाहुणी एवढ्या लांबून आलीय, मधे मधे बोलायचं नाय. पटकन पण सांगायचं नाय, थोडं थांबून सांगायचं."

तर ते अडखळणं असं होतं. वीस मुलं, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा मान राखण्यासाठी, पुन्हा पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकत होती.

आयव्हीला सांगावं की नाही, यावर मी फार विचार केला नाही. ती वर्षाचा निर्णय ज्या गोष्टीवर घेत होती तीच खरी नव्हती. वर्ग सुरू व्हायच्या आत सांगितलं. ती पायरीवर बसून सगळं ऐकून उठली. मग आत गेली, फळा पुसला, आणि मुलांना म्हणाली, मला खोटं नको, तुम्हाला जे येतं ते सगळं सांगा. तासभर मुलं थांबली नाहीत. शेवटी ती रडत होती आणि हसतही होती. मला रडणारी माणसं जमत नाहीत; मी डस्टर झटकत उभी राहिले.

संध्याकाळी सुनंदाताई चहा गाळताना म्हणाल्या, "आमच्या वस्तीत विहारात रात्रीचा वर्ग चालायचा. मी त्यातूनच दहावी झाले. शिकवणारे फुकटच शिकवायचे, पण गल्लीतलेच होते. ते जाणार कुठे? त्यांनी एक दिवस दांडी मारली की माझी आई त्यांच्या दारात जाऊन उभी राहायची."

शनिवारी आयव्हीने बायकांना हॉलमध्ये बोलावलं. मुलांबद्दल सगळ्यांचे आभार मानले आणि सांगितलं, मी वर्षभर राहीन, पहिल्यापासून नाही तर पुढचं शिकवीन, आणि काही घेणार नाही. मी भाषांतर केलं. हिरूबाईंनी विचारलं, "कायच घेणार नाय?"

"काहीच नाही."

"मंग नको."

मला वाटलं माझ्याच ऐकण्यात चूक झाली. पण तेच म्हणाल्या होत्या, आणि रागाने नव्हे. त्यांनी जे समजावलं ते असं. होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे (हिस्से) पडतात. एक होडीचा, एक जाळ्याचा, मग माणसांचे. जाळ्याला हात लावला त्याला वाटा मिळतोच, मग तो पाहुणा का असेना. वाटा घेतला की दुसऱ्या भरतीला त्याने यायचं. नाही आला तर दारात जाऊन शिव्या घालता येतात.

"ज्याचा वाटा नाय त्याला हाक कशी मारायची, टीचरबाय?" हिरूबाई म्हणाल्या. "एवढे आले, गेले. चांगलेच होते सगळे. पण आमी कुणाला बोललो नाय, की बाबा, हे झालंय, पुढचं शिकव. फुकट देणाऱ्याला काय बोलणार?"

हे इंग्रजीत नीट, गुळगुळीत न करता सांगायला मला वेळ लागला. आयव्ही मान हलवत होती. तिच्या वडिलांच्या गावीही वाटे असेच पडायचे, ती म्हणाली. मग तिने विचारलं, "मला वाटा देता येईल?"

बायकांत कुजबुज झाली. हिरूबाईंनी डोकं हलवलं. "तुझी आय तिकडं, तिचं घर उभं करायचंय. तेवढा वाटा आमच्या होडीत नाय गो. खाडीत आता मासळी तरी किती ऱ्हायलीय? आमच्या प्रणालीचा होईल."

प्रणाली म्हणजे तिथेच मागे उभी असलेली, बी.ए. झालेली, घोडबंदर रोडच्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात काम करणारी मुलगी. तिला न विचारताच तिचं नाव निघालं होतं. "काकी, मला जमेल का ते तरी विचार," ती म्हणाली.

"जमंल. नाय जमलं तर ऐकून घेशील," काकींनी सांगितलं.

घराघरातून वर्गणी काढून प्रणालीला पगार द्यायचा आणि संस्थेने जागा नि पुस्तकं सांभाळायची, असं तिथेच ठरलं. भाच्याला मी फोन लावून दिला; तो आधी कुरकुरला, मग हिरूबाईंशी बोलला आणि कुरकुर थांबली. आयव्हीने त्याच संध्याकाळी व्हिएतनामला होकार कळवला. मी काही सुचवलं नाही. तिने विचारलंही नाही.

उरलेले दिवस तिने मुलांना शिकवलं नाही, प्रणालीला शिकवलं. दुकान सुटल्यावर दोघी हॉलमध्ये बसायच्या. फळ्यावर काय लिहायचं, कुणाला कधी गप्प करायचं, गोष्ट कुठे तोडायची. मीही बसले. बँकॉकच्या शाळेने जे पगार देऊन घडवलं होतं ते असं खाडीकाठी उतरलं.

मी निघायच्या आदल्या दिवशी प्रणालीचा पहिला वर्ग होता. दुकानातली पाळी बदलून घेतली होती, नवा दिनक्रम अजून बसायचा होता, पोचायला दहाएक मिनिटं उशीर झाला. स्वराची आई दारातच उभी. "काय गो, पोरं कवापासून बसलीत. पगार घेशील ना? मंग वेळेवर ये." प्रणालीने तोंड पाडून फळा पुसायला घेतला. आयव्हीने मला विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं. ती मोठ्याने हसली. मग म्हणाली, "मला त्या असं एकदाही बोलल्या नाहीत."

दुपारी होडी आली. हिरूबाईंनी वाटे घालताना एक छोटा वाटा आयव्हीपुढे सरकवला: प्रणालीला तयार केलीस, त्याचा. आयव्हीने नको-नको म्हटलं नाही, उपकार मानले नाहीत. पिशवी उघडून पुढे धरली. त्या रात्री वर्तकनगरला तिने तो व्हिनेगर आणि लसूण घालून शिजवला. सुनंदाताईंना वाटलं बेचव असेल, पण त्यांनी दोनदा घेतला.

परतीच्या एसटीत खंडाळ्याचा घाट चढून गेल्यावर मी माझ्या पगाराचा विचार करत होते. तो दर महिन्याला येतो आणि मी त्याबद्दल कधी कृतज्ञ वगैरे झालेली नाही. उशीर झाला की मात्र ओरडते. गारगोटीला पालक शाळेत येऊन तक्रार करतात, याचा मला नेहमी त्रास व्हायचा. सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी एक आई आली आणि म्हणाली, बाई, माझ्या पोराचं इंग्रजी काही पुढे सरकेना. मी तिला खुर्ची दिली, बस म्हटलं, आणि सविस्तर बोल म्हटलं.