मुठीचे तांदूळ

डबा उघडला की नव्या तांदळाचा वास येतो आणि गडचिरोलीच्या जंगलातलं ते कौलारू चर्च आठवतं. बाबा केनियात मिशनरी होते. त्या वर्षी सुट्टीवर भारतात आलो होतो आणि तिकडे परत जाण्यासाठी मदत मागत आम्ही गावोगाव फिरत होतो. तिथल्या बायका रोज रांधण्याआधी मूठभर तांदूळ देवासाठी काढून ठेवत. एका म्हातारीने तो सगळा साठा आईच्या पदरात ओतला आणि मग विचारलं, "आमाले प्रार्थना सांगाले पाळक नाई, बाई. तुमी इतक्या दूर काऊन जाता?"

बाबांनी घाईने प्रार्थना सुरू केली. आई 'आमेन' म्हणाली नाही. आनंदाच्या भरात विसरली असेल, असं मला तेव्हा वाटलं. आता तिच्या वयाची झाल्यावर मला दिसते ती दोन्ही हातांनी पदर धरून उभी राहिलेली आई. ते तांदूळ तिला ठेवून घेववत नव्हते आणि परतही देववत नव्हते.