काळी शेताला, पांढरी घराला

गोजरबाईंनी उभ्या जन्मात कुणावर चटकन विश्वास ठेवला नाही. दुधात पाणी किती ते सगळेच बघतात. या बाई पाण्यात दूध किती ते बघायच्या. नवरा गेल्यापासून दुष्काळी कर्जतजवळच्या गावात धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या, दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. गावठाणातल्या त्या घराचा एकही कागद त्यांच्याकडं नव्हता.

अशा बाईच्या दारात पुण्याची दीपा टेप घेऊन उभी राहिली. ओढ्यापलीकडं तिला जुन्या पद्धतीचं फार्महाऊस बांधायचं होतं. तिनं भिंतीतल्या देवळ्या मोजल्या, उंबरा मोजला, फोटो काढले आणि हसत म्हणाली, "आजी, तुमचं घरच उचलून न्यावंसं वाटतंय."

गोजरबाईंची नजर टेपवरून हलेना. आधी मोजणी, मग नोटीस, हा क्रम त्यांनी रस्ता रुंद होताना बघितला होता. दीपानं विचारलं, "धाब्यावर माती कुठली घालतात?"

"काळी. शेतातली," बाई बिनदिक्कत म्हणाल्या. काळी माती उन्हात भेगाळते आणि पावसात गळते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. घर न्यायचंच असेल तर गळकं न्या.

मे महिन्यात गवंडी सहादू विचारायला आला. "मावशे, मॅडम धाब्यावर काळी टाकाय लावतीया. तुझं नाव सांगती. खरं हाय?"

"तुला काय करायचंय?" बाई म्हणाल्या, पण राहवेना म्हणून त्याच्याबरोबर बघायला गेल्या.

घर हुबेहूब त्यांचंच. चुलीजवळची देवळीसुद्धा तेवढीच खाली, नवऱ्यानं त्यांच्या बुटकेपणासाठी केलेली. त्यांना भरून आलं. लगेच वाटलं, केसानं गळा कापायची ही नवी तऱ्हा असेल. दाराशी बांधकामाला हातभार लावणाऱ्यांच्या नावांचा बोर्ड होता. सहादूनं वाचून दाखवला: "जाणकार, गोजरबाई."

"माझी जागा नको हुती का तुला?" त्यांनी तिथंच उभ्या असलेल्या दीपाला विचारलं.

"जागा? नाही हो आजी. घर आवडलं, म्हणून मोजलं."

बाईंना ते अर्धंच पटलं. पण वर गळकं धाबं आणि खाली आपलं नाव, हे त्यांना सोसेना.

"काळी काढ. काळी शेताला, पांढरी घराला."

"पण तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"खोटं सांगितलं हुतं म्या."

पांढरी म्हणजे जुन्या भिंतींची मुरलेली, पाणी झिरपू न देणारी माती. गावात ती आता एकाच जागी उरली होती, गोजरबाईंच्या पडक्या गोठ्यात. दुसऱ्या दिवशी तिथं ट्रॅक्टर लागला. बाई आपल्या घराच्या दारात पाय पसरून बसल्या आणि भरलेलं प्रत्येक घमेलं डोळ्यांखालून घालू लागल्या.

"घर उचलून न्यायचं म्हनत हुतीस न्हवं," त्या दीपाला म्हणाल्या. "ने. पन उंबऱ्याच्या आतलं माझं हाय."