मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या

"लुगडं सोड," डॉक्टर म्हणाला.

मी ऐकलं, पण कळलं नाही. मी काही पोटदुखी घेऊन आलो नव्हतो. मी बोलायला आलो होतो, आणि पाच मिनिटंही बोललो नसेन. डॉक्टरने घंटी वाजवली. कंपाउंडर आत आला, त्याच्या मागोमाग डॉक्टरचा पुतण्या. हा मुंबईत डॉक्टरकी शिकत होता. "ये, बघ. असं रोज बघायला मिळत नाही," डॉक्टर त्याला म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "ऐकू येत नाही का गं? सोड."

सोडलं. का सोडलं ते आजही स्वतःला विचारतो. पांढरा कोट. भिंतीवर काचेत लावलेली सर्टिफिकेटं. शिकल्या माणसाने सांगितलं की करायचं, हे आमच्या हाडात मुरलेलं. टेबलावर निजवलं. डॉक्टरने रबरी हातमोजे घातले होते, तरी नाक मुरडलेलंच. तपासता तपासता पुतण्याला इंग्रजीत काही सांगितलं. पुतण्या हसला. दार नीट लोटलेलं नव्हतं. बाहेरच्या बाकावरची माणसं माना वळवून बघत होती.

"सगळं बायकांचंच आहे," डॉक्टर हात धूत म्हणाला. "तू बाई आहेस. दुसरं काही नाही. नेस."

मी गेलो, आलो असंच लिहितो. वाचणाऱ्याला खटकलं तर खटकू दे. ठाण्याच्या खाडीकाठी मीठ पिकवणाऱ्या आगऱ्याच्या घरी मी मुलगी म्हणून जन्मलो. लवकर लग्न झालं. नवराही मिठाच्या आगरावरच कामाला होता. बरा माणूस होता. अंगावर हात टाकला नाही कधी. तीन वर्षांत तापाने गेला आणि मी बापाकडे परत आलो. स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा. आमच्याकडे झेंड्यापलीकडे काही आलेलं नव्हतं.

त्या हंगामात आगरावर माणूस कमी पडला. पुरुषांनी लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने मीठ ओढायचं आणि बायकांनी डोक्यावरून टोपल्या वाहायच्या, अशी कामाची रीत. मुकादम बापाला म्हणाला, तुझी पोरगी दणकट आहे, तिला जावयाच्या जागेवर उभी कर. खाऱ्या पाण्यात लुगडं भिजलं की मांड्या सोलून निघतात. म्हणून मी नवऱ्याचा सदरा आणि अर्धी चड्डी घातली, डोक्याला पंचा बांधला. पहिल्याच दिवशी मुकादमाने बांधावरून हाक मारली, "ए पोऱ्या, तो वाफा आधी वढ!" लांबून ओळखलं नव्हतं त्याने.

काय सांगू. मला वाटलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मला हाक मारली. ते चार महिने मी सुखात होतो. सुख हा शब्द मी उगाच वापरत नाही. हात फुटले, पाय चिरले, खांदे भरून आले, आणि मी संध्याकाळी गाणं गुणगुणत घरी यायचो. हंगाम संपला. सदरा उतरवून परत लुगडं नेसलो आणि अंगाला कुणाचं उष्टं लागावं तशी शिसारी आली.

मग प्रश्न मागे लागला. मी काय आहे? वेडा? बाधलेला? आई आधी भगताकडे घेऊन गेली. त्याने धुरी दिली, छडीने झोडपलं. पण मारता मारता निदान विचारलं तरी, "कोन हायस तू?" डॉक्टरने तेवढंही विचारलं नाही.

पुढचा हंगाम लागला, मी परत बायकांबरोबर टोपल्या वाहू लागलो, आणि डॉक्टरचा पत्ता मला सुक्या बोंबलांनी दिला. ठाण्याच्या बाजारातून आणलेले बोंबील वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेले. मी चार इयत्ता शिकलेला. कागद उलगडून वाचला. टेंभी नाक्याजवळ दवाखाना असलेला हा डॉक्टर त्यात वाचकांना उत्तरं देत होता. मनाची दुखणी अंगावर काढू नका. लाज बाळगू नका. मोकळेपणी येऊन बोला, आपलं गुपित माझ्याजवळ राहील. असं छापलेलं. मी तो तुकडा फाडून घेतला, वासासकट. छापलंय म्हणजे सगळ्यांसाठी छापलंय, असं मी धरून चाललो. आमची माणसं अशीच फसतात.

दवाखान्यात माझ्या आधी एक बाई होत्या, गोल पातळातल्या. त्यांना "या, बसा, सावकाश सांगा." मला, "ए, खुर्चीला हात लावू नकोस, उभी राहा तिथे." मी उभ्यानेच तो कागद पुढे केला. त्याने दोन बोटांत धरला, वास घेतला आणि खाली टोपलीत टाकला. "तुला वाचता येतं?" म्हणाला.

मी येताना रस्ताभर घोकलेलं बोललो. "डाक्तर, मना पुरुषासारखा रावासा वाटतं. हे खूळ हाय का खरा हाय, मना कलत नाय. तुमी सांगा." इतकंच. मला पुरुष करा असं मी म्हटलं नव्हतं. मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. कुणीतरी समोर बसून माझ्याबरोबर विचार करावा, एवढ्यासाठी मी गेलो होतो. त्याने घंटी वाजवली.

मी निऱ्या खोचत होतो तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, परदेशात आता यावर ऑपरेशनं करतात म्हणे." डॉक्टर म्हणाला, "तिकडची थेरं. हिला एक मूल झालं की डोकं ताळ्यावर येईल." दोघे हसले. हसता हसता त्यांनी मला आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी दिली. म्हणजे जगात माझ्यासारखी आणखी माणसं होती. त्यांचं कुणीतरी ऐकूनही घेत होतं. हे त्या दोघांच्या गावीही नव्हतं.

गुपित चार दिवस टिकलं. आगराचा मालक आणि डॉक्टर पत्त्यांचे सोबती. डॉक्टरने मालकाला मजा म्हणून सांगितलं, मालकाने मुकादमाला. पाचव्या दिवशी मी टोपली भरत होतो आणि मुकादम सगळ्यांसमोर ओरडला, "काय रे पोऱ्या, डाक्तरनं काय काय बघला?" तोच शब्द. तेच तोंड. सगळं आगर हसलं. ज्या बायकांबरोबर मी लहानपणी खेळलो, त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. माझा बाप तिथेच होता.

बापाने घरी येईपर्यंत दम काढला नाही. बांधावरच फावड्याचा दांडा उचलला. पहिला फटका पाठीत, दुसरा तोंडावर. दोन दात तिथेच पडले, मिठात. "तुना कोनी सांगला डाक्तरकडं जावाला? गावात तोंड दावाला जागा नाय ठेवलीस!" मी पडलो तरी मारत होता. दांडा मोडला तेव्हा लाथांनी. कुणी मध्ये पडलं नाही. मुकादमाने फक्त म्हटलं, मीठ लाल करू नका, बाजूला घेऊन मारा.

घरी नेऊन त्याने नवऱ्याचा सदरा आणि चड्डी दारात जाळली. मला धरून ठेवून बघायला लावलं. तेव्हा मी रडलो. दातांसाठी नव्हतो रडलो.

आमच्यात विधवेचा पाट लागतो. बापाने माझा पाट ठरवला. ठाकुर्लीच्या वीजघरात कोळसा ओढणारा खलाशी, दोन पोरांचा बाप. मी म्हटलं, "मी नांदनार नाय. बांधून नेला तरी पलून येन." बापाने मारलं. पुन्हा म्हटलं. पुन्हा मारलं. शेवटी तोच थकला, आणि मालकाची चिठ्ठी घेऊन मला परत त्याच डॉक्टरकडे घेऊन गेला. पाटाआधी बरी करून द्या म्हणून.

डॉक्टर बापाशी गोड बोलला. "विजेचा उपचार आहे. सहा वेळा द्यावा लागेल. सगळं खूळ निघून जाईल." बापाने अंगठा उठवला. मला कुणी काही विचारलं नाही. एका हाताने कागद पुढे सरकवला आणि दुसऱ्या हाताने शाईची डबी, संपलं. पाटाचा नवरा वीजघरातला आणि उपचारही विजेचाच. माझ्या नशिबी दोन्हीकडून वीज होती.

तेच टेबल. कंपाउंडर वाडग्यात कापडाच्या पट्ट्या भिजवायचा आणि माझ्या कानशिलांवर दाबून बांधायचा. दातांत रबराचा तुकडा कोंबायचा. बाप छातीवर वजन टाकून खांदे दाबायचा. आई पाय धरायची. माझ्या आईने माझे पाय धरले, हे मी लिहून ठेवतो. ती रडत होती, पण तिने सोडले नाहीत. मग डॉक्टर खटका ओढायचा.

पुढचं मला आठवत नाही, आठवणार नाही. आईने नंतर सांगितलं, मासळी होडीत तडफडते तसा मी तडफडलो. जीभ चावली गेली, लुगडं ओलं झालं. शुद्धीवर आलो की डोकं फुटायचं. पहिल्या वेळेनंतर मी घराची वाट विसरलो. दुसऱ्या वेळेनंतर मेलेल्या नवऱ्याचं नाव विसरलो. तिसऱ्या वेळेनंतर आईलाच विचारलं, "तू कोन?" बापाला वाटलं, गुण येतोय. आणि एवढं सगळं धुऊन गेल्यावर तळाला काय उरलं होतं? तोच प्रश्न. मी काय आहे. त्याला काही धक्का लागला नव्हता.

चौथ्या वेळी कंपाउंडरने पट्ट्या नीट पिळल्या नाहीत. पाणी गालावरून ओघळून ओठांत आलं. खारट. मी चाखलं. मिठाचं पाणी होतं ते. तीन वेळा बांधलं, मला कळलं नव्हतं. मीठ लावलं की वीज चांगली वाहते, म्हणून. मी मान वळवून वाडग्याशेजारच्या बरणीत बघितलं. जाड, करडं, खड्यांचं मीठ. आमच्या खाडीकाठचं. कोण जाणे, मीच ओढलेलं असेल. माझे हात फाटले त्या मिठाने, मांड्या सोलल्या, दात पडले ते त्याच मिठात, आणि तेच माझ्या कानशिलांना लावून हा माणूस मला जाळत होता. डोक्यात काहीतरी तडकलं. भीतीच असावी. कारण त्यानंतर ती मला दिसली नाही.

डॉक्टर रबराचा तुकडा स्वतः घालायला वाकला. मी तुकड्याऐवजी त्याचा अंगठा दातांत धरला आणि होते तेवढ्या दातांनी चावलो. हाडापर्यंत. तो किंचाळला. बापाने खांदे आणखी दाबले. आईने पाय सोडले. तिने आपणहून सोडले की तिच्या हातून सुटले, मी कधी विचारलं नाही. मी गुडघा वर घेऊन बापाच्या पोटात मारला, पट्ट्या ओरबाडून काढल्या, तो खटक्याचा डबा उचलला आणि फरशीवर आपटला. मग वाडगा. मग बरणी. सगळीकडे काच आणि मीठ.

डॉक्टर अंगठा धरून भिंतीला टेकला होता. "पोलिसांना बोलवा! वेडी आहे ही!" ओरडत होता.

मी म्हटलं, "मी इचाराला आलतू. तुमाला उत्तर ठावं नव्हता. ठावं नाय, एवढा बोलला असतास तरी मी पाया परून गेलो असतो. तू मना जाललास."

दार सताड उघडून बाहेर आलो. बाकावर सात-आठ माणसं बसलेली, त्यात त्या गोल पातळातल्या बाईही होत्या. तोंडातून रक्त येत होतं, त्यात त्याचं किती आणि माझं किती कळायला मार्ग नव्हता. मी सगळ्यांना सांगितलं. काय सांगायला आलो होतो, याने काय बघितलं, कुणाकुणाला दाखवलं, कुणाला सांगितलं. "गुपित ठेवतो बोलतं हा. माजा गुपित सगल्या आगराला ठावं हाय." त्या बाई उठल्या आणि पायऱ्या उतरून चालू लागल्या. बाकीचे बसून राहिले.

रस्त्यावर बापाने मला गाठलं आणि हात उगारला. मी त्याचं मनगट वरच्या वर धरलं. त्याचा तळहात माझ्यासारखाच, मिठाने चिरा पडलेला. मला त्याची दया आली. तरी सोडला नाही.

"सोड पोरी," बाप म्हणाला.

"बापूस, आजपासून नाय."

"बेस्तरवारी पाटासाठी पाव्हनं येनार हायत."

"येव दे. त्यांना मीच सांगतो."

बाप मनगटाला झटका देऊन पुढे चालू लागला. आई त्याच्यामागून गेली. मी मागे राहिलो, माझ्या चालीने निघालो.

मी बाई की पुरुष की आणखी काही, हे त्या दिवशी ठरलं नव्हतं. घाई नाही. ते मी ठरवीन, वर्षं लागली तर लागू देत. आणखी विचारीन, मुंबईत विचारीन, जिथे कुणी ऐकेल तिथे जाऊन विचारीन. पण उत्तर सापडेपर्यंत हे अंग माझ्या ताब्यात राहील. डॉक्टर असो, बापूस असो, पाटाचा नवरा असो, यापुढे माझ्यावर जो हात टाकेल, त्याचा हात मी मोडीन.