तिनं सांगितलं, मी लिहिलं नाही

ती घटना आठवू नये म्हणून मी बरेच प्रयत्न केले. आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही. आता तरी जमेल का, ठाऊक नाही.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मी भाईंदरला उपनिरीक्षक होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे आपण जबाब चांगला लिहितो असा मला अभिमान होता. हवालदार चिडवायचे, "साहेबांच्या जबाबात एक खाडाखोड दाखवा, वडापाव माझ्याकडून."

एके दिवशी रुग्णालयातून मेमो आला. सोळा वर्षांची मुलगी, आत्महत्येच्या प्रयत्नाचा संशय. वॉर्डाबाहेर तिचे वडील भेटले, जवळच्या राई गावचे मच्छीमार. ते माझ्या पायाशी वाकले. "सायेब, चुकून झालं असं लिवा. पोरीचं लगीन व्हायचं हाय."

तेव्हा असा प्रयत्न हा गुन्हा होता. या पोरीवर कलम लावायला माझं मन होईना. मी तिला विचारलं, "चुकून झालं ना?"

"नाही."

पेन थांबवून मी विचारलं, "पुन्हा तसं मनात येतं?"

"हो. आत्तापण येतंय."

मी 'चुकून' लिहिलं, सगळा जबाब तिला वाचून दाखवला. तिनं सही केली. अपघातच म्हटल्यावर तिला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवायचं कारण उरलं नाही. घरी जाताना वाटलं, आज एक चांगलं काम झालं.

आठ वर्षांनी मी निरीक्षक म्हणून त्याच भागात परत आलो. पूनम सागर वसाहतीतला एक नोकरदार तरुण बायको हरवल्याची तक्रार घेऊन आला. लग्नाला दोन वर्षं झाली होती. साहजिकच मला छळाचा संशय आला. तीन तास त्याला प्रश्न विचारले.

"सर, मी कधी हात नाही उचलला," तो रडकुंडीला आला. "तिला सकाळी उठताच येत नाही. दोन नोकऱ्या गेल्या. आई म्हणते, महाराणी अजून झोपल्यात! मी विचारलं तर म्हणते, दमलेय. चोवीस वर्षांची आहे सर, कशानं दमते?"

तो खोटं बोलत नव्हता. मी त्याच्याकडून बायकोचा फोटो घेतला.

दुपारी फोटो घेऊन फिरणाऱ्या शिपायाला रुग्णालयातल्या एका आयाबाईनं बाजूला घेतलं. "ही? ही तर दुपारची येते, महिला वॉर्डाबाहेर बसते. कुणाला भेटत नाही. मला वाटलं, हिचं कुणीतरी इथं वारलं असेल. आत्ताही बसलीय बघा."

महिला शिपाई घेऊन मी पोहोचलो. मी तिला ओळखलं नाही. तिनं मला ओळखलं.

"तुम्हीच ना साहेब? जबाब घेतलेला?"

मग मला तो वॉर्ड आठवला.

"पुन्हा मनात येतं का, असं विचारणारे तुम्ही एकटेच," ती म्हणाली. "मी हो म्हटलेलं. तुम्ही लिहिलं नाहीत. मग मला वाटलं, हे सांगायचं नसतंच. तेव्हापासून कुणाला सांगितलं नाही."

"आणि आता?"

"आता रोज येतं."

त्याच दिवशी तिला मानसोपचार तज्ज्ञांकडे दाखल केलं. डॉक्टर माझ्यावर रागावले नाहीत, त्यांना त्या जबाबाचं माहीतच नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "आजार फार मुरलाय. सोळाव्या वर्षीच आली असती तर बरं झालं असतं."

ती आज जिवंत आहे. नवऱ्यानं वर्षभर वाट पाहिली, मग काडीमोड झाला. ती राईला वडिलांकडे असते. औषधं चालू असतात, मध्येच बंद होतात, पुन्हा दाखल करावं लागतं. नोकरी टिकत नाही. जीव वाचला की प्रकरण मिटलं असं आम्ही पोलीस धरून चालतो. फाईल मिटते, एवढंच खरं.

वडील अजून दरवर्षी सुके बोंबील घेऊन येतात. "सायेब, तुमीच वाचवली तिला." त्यांना खरं सांगायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

जुने कागद नियमानं नष्ट होतात. तो जबाबही झाला असेल. गेल्या भेटीत तिनं मला तो पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत म्हणून दाखवला. एकही शब्द चुकला नाही.